संशोधकाचे मोल आणि सायटेशनचे आकडे : वाचकांचे प्रश्न

रेणवीय जीवशास्त्रातील संशोधन आणि त्याचे मूल्यमापन या विषयावर कोल्हापूर शहरातून व जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. झाली असून तिला रेणवीय जीवशास्त्रात पीएच.डी. करायची आहे. तिच्यासमोर दोन मार्गदर्शक आहेत. एका प्राध्यापकांचा एच-इंडेक्स ४१ आहे आणि दुसऱ्या प्राध्यापिकांचा १४. घरातील सर्वांचा कल पहिल्यांकडे आहे, मुलीचा मात्र दुसऱ्यांकडे. हा आकडा किती मनावर घ्यावा?
— एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आधी हा आकडा कसा काढतात ते पाहू. सायटेशन म्हणजे एखाद्या शोधनिबंधाचा नंतरच्या शोधनिबंधांनी घेतलेला संदर्भ. संशोधकाचे सर्व निबंध अशा संदर्भांच्या संख्येनुसार उतरत्या क्रमाने मांडायचे. समजा, सहा निबंधांना अनुक्रमे ४०, २२, ९, ६, ५ आणि ३ संदर्भ मिळाले आहेत. पाचव्या क्रमांकाच्या निबंधाला किमान पाच संदर्भ आहेत, सहाव्याला मात्र सहा नाहीत, म्हणून एच-इंडेक्स ५. कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी २००५ मध्ये ही पद्धत सुचवली. नुसते ढीगभर निबंध लिहून किंवा एकाच गाजलेल्या निबंधाच्या जोरावर हा आकडा वाढत नाही, हा तिचा गुण आहे आणि त्यामुळेच ती जगभर रुजली.

तिच्या मर्यादाही याच रचनेतून येतात. एच-इंडेक्स कधीच कमी होत नाही. संशोधकाने दहा वर्षे प्रयोगशाळेत पाऊल टाकले नाही तरी जुन्या निबंधांना संदर्भ मिळत राहतात आणि आकडा वाढत जातो. त्यामुळे तीस वर्षे काम केलेल्या व्यक्तीचा ४१ आणि आठ वर्षे काम केलेल्या व्यक्तीचा १४ यांची तुलना करण्यात अर्थ नाही. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की निबंधावर दोन लेखक असोत वा पन्नास, प्रत्येकाच्या खात्यावर संदर्भ पूर्णच जमा होतात. रेणवीय जीवशास्त्रात लेखकांच्या क्रमाला ठरलेला अर्थ आहे. ज्याने प्रत्यक्ष प्रयोग केले, तो बहुधा पहिला लेखक असतो आणि ज्याची प्रयोगशाळा, ज्याची मूळ कल्पना व ज्याचा निधी, तो शेवटचा. मधल्या नावांमध्ये मोलाची मदत करणारेही असतात आणि केवळ नमुने किंवा उपकरण पुरवणारेही असतात. एच-इंडेक्स हा फरक पाहत नाही. मोठ्या संख्येने निबंधांत मधला लेखक असलेल्या व्यक्तीचा आकडा ४१ होऊ शकतो आणि स्वतःच्या प्रयोगशाळेतून एकच प्रश्न चिकाटीने सोडवत आलेल्या व्यक्तीचा १४ राहू शकतो. तुमच्यासमोरचे दोघे तसेच आहेत असे मी म्हणत नाही. ते पाहिल्यावाचून ठरवू नये, एवढेच सांगायचे आहे.

पाहायचे ते असे. दोघांचे गेल्या पाच वर्षांतील निबंध काढावेत आणि त्यांत मार्गदर्शक शेवटचे लेखक व त्यांचे विद्यार्थी पहिले लेखक असलेले किती आहेत ते बघावे. पीएच.डी. करणाऱ्या मुलीच्या दृष्टीने हीच बाब सर्वांत महत्त्वाची आहे, कारण आपल्या विद्यार्थ्यांना पहिल्या लेखकाचे स्थान देणारा मार्गदर्शक त्यांना प्रश्न मांडायला आणि निबंध लिहायलाही शिकवत असण्याची शक्यता अधिक असते. आधीच्या विद्यार्थ्यांनी पदवी किती वर्षांत मिळवली आणि ते आज कुठे आहेत, हे त्यांनाच भेटून विचारावे. मग मुलीने प्रत्येकाचे दोन निबंध वाचावेत. तिचा कल असे वाचन करून झाला असेल, तर माझ्या मते घरच्यांनी तिचे ऐकावे.

प्रश्न : डीएनएच्या रचनेचा वॉटसन आणि क्रिक यांचा निबंध विसाव्या शतकातील सर्वांत महत्त्वाच्या शोधांपैकी एक असल्याचे मी वर्गात शिकवतो. तरीही जगातील सर्वाधिक संदर्भ मिळालेल्या शंभर निबंधांत तो नाही असे वाचले. हे खरे आहे का आणि असेल तर का?
— कनिष्ठ महाविद्यालयातील जीवशास्त्राचे शिक्षक, इचलकरंजी

उत्तर : खरे आहे. 'नेचर' या नियतकालिकाने २०१४ मध्ये अशी यादी प्रसिद्ध केली, तेव्हा पहिल्या शंभरात येण्यासाठी बारा हजारांहून अधिक संदर्भ लागत होते आणि २५ एप्रिल १९५३ रोजी छापून आलेला तो जेमतेम एका पानाचा निबंध त्या मर्यादेच्या बराच खाली होता. पहिल्या क्रमांकावर होता ऑलिव्हर लोरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ मधील निबंध, ज्यात द्रावणातील प्रथिनांचे प्रमाण रंगावरून मोजण्याची पद्धत दिली आहे. त्याला तेव्हाच तीन लाखांहून अधिक संदर्भ मिळालेले होते. दुसरा उलरिख लॅमली यांचा १९७० चा, प्रथिने जेलमध्ये, म्हणजे जेलीसारख्या पातळ थरात, आकारानुसार वेगळी करण्यासंबंधीचा. तिसरा मॅरियन ब्रॅडफर्ड यांचा १९७६ चा, पुन्हा प्रथिने मोजण्याचाच. म्हणजे पहिले तिन्ही निबंध जैवरसायनाच्या रोजच्या कामातील पद्धतींचे आहेत.

कारण समजण्यास सोपे आहे. ज्या प्रयोगशाळेत प्रथिनांवर काम चालते, तिथे ती मोजावी लागतात आणि निबंधाच्या 'साहित्य व पद्धती' या भागात कोणत्या पद्धतीने मोजली हे सांगावे लागते. हा संदर्भ म्हणजे कामाची नोंद आहे, त्यात गौरव अभिप्रेत नाही. सुताराने टेप कितीदा हातात घेतली यावरून टेप बनवणाऱ्याचे कौशल्य सिद्ध होत नाही, पण टेपशिवाय काम अडते हेही तितकेच खरे. स्वतः लोरी यांना आपला हा निबंध फार मोठा वाटत नव्हता आणि त्यांनी तसे प्रांजळपणे कबूलही केले होते. माझ्या मते पद्धतीचे मोल कमी लेखण्याचे मात्र कारण नाही. फ्रेडरिक सँगर यांना नोबेल पारितोषिक दोनदा मिळाले, १९५८ मध्ये आणि १९८० मध्ये, आणि दोन्ही वेळा त्यांच्या कामाच्या गाभ्याशी प्रथिनातील किंवा डीएनएतील घटकांचा क्रम वाचण्याच्या पद्धती होत्या.

आता डीएनएच्या निबंधाकडे वळू. एखादा शोध इतका सर्वमान्य होतो की तो पाठ्यपुस्तकात जातो, बोलण्यात मुरतो आणि मूळ निबंधाचा संदर्भ देण्याची गरज कोणाला वाटत नाही. आज डीएनए दुपेडी आहे असे लिहिणारा कोणीही १९५३ चा निबंध तळटीपेत देत नाही. आपल्याकडचे याचे ठळक उदाहरण गो. ना. रामचंद्रन यांचे आहे. मद्रास विद्यापीठात काम करताना त्यांनी व्ही. शशिशेखरन आणि सी. रामकृष्णन या सहकाऱ्यांसह १९६३ मध्ये प्रथिनांच्या साखळीला कोणते कोन घेता येतात आणि कोणते नाहीत हे दाखवणारा आलेख प्रसिद्ध केला. प्रथिनाची त्रिमिती रचना निश्चित केल्यावर ती विश्वासार्ह आहे की नाही हे आजही जगभर 'रामचंद्रन आलेखा'वर तपासले जाते. आलेखाचे नाव घेणाऱ्यांपैकी सर्वच जण मूळ निबंधाचा संदर्भ देतात असे नाही, आणि जे देत नाहीत त्यांची नोंद कोणत्याही आकड्यात होत नाही. तुम्ही वर्गात हे उदाहरण अवश्य सांगा. भारतीय शास्त्रज्ञाचे नाव प्रत्येक प्रथिनाच्या तपासणीत घेतले जाते हे बारावीच्या मुलांना कळायला हवे.

प्रश्न : मी पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षात आहे. उसावरील रोगकारक बुरशीच्या जनुकांवरील माझा पहिला निबंध कुठे पाठवावा यावरून आमच्या गटात वाद आहे. काही जण इम्पॅक्ट फॅक्टर जास्त असलेल्या नियतकालिकाचा आग्रह धरतात. दरम्यान, पैसे भरल्यास दहा दिवसांत छापून देतो अशी ईमेलही येत असतात. काय करावे?
— एक संशोधक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : ईमेलचा प्रश्न आधी निकालात काढू. दहा दिवसांत तज्ज्ञांकडून गांभीर्याने परीक्षण होणे जवळजवळ अशक्य आहे, त्यामुळे अशा ठिकाणी पाठवू नका. ज्या नियतकालिकातील निबंध तुम्ही स्वतः वाचत आला आहात आणि ज्यांचे संदर्भ तुमच्या निबंधात आहेत, तिथून शोध सुरू करा. शुल्क घेणारी सर्वच नियतकालिके वाईट नसतात. खुल्या वाचनासाठी शुल्क घेणारी अनेक उत्तम आहेत. मात्र परीक्षण न करता शुल्क घेणाऱ्यांपासून दूर राहावे.

इम्पॅक्ट फॅक्टर हा नियतकालिकाचा आकडा आहे, निबंधाचा नव्हे. आधीच्या दोन वर्षांत त्यात छापलेल्या लेखनाला चालू वर्षी मिळालेले संदर्भ भागिले त्या दोन वर्षांतील निबंधांची संख्या, अशी त्याची ढोबळ व्याख्या आहे. ग्रंथालयांना कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरवताना उपयोग व्हावा, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. ही कल्पना आणि त्याआधी संदर्भांची सूची तयार करण्याची संपूर्ण व्यवस्था फिलाडेल्फियातील यूजीन गारफील्ड यांनी उभी केली. पुढे तीच सरासरी माणसांना लावली जाऊ लागली आणि तिथे घोटाळा झाला.

सरासरी किती फसवी असते ते पाहा. 'नेचर'च्या संपादकांनीच २००५ मध्ये लिहिले होते की आदल्या वर्षीच्या त्यांच्या इम्पॅक्ट फॅक्टरमधील ८९ टक्के संदर्भ केवळ २५ टक्के निबंधांमुळे आलेले होते. स्फटिकशास्त्राच्या 'अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका'च्या 'ए' विभागाचा इम्पॅक्ट फॅक्टर २००९ मध्ये सुमारे २ वरून जवळजवळ ५० वर गेला, कारण जॉर्ज शेल्ड्रिक यांनी २००८ मध्ये रेणूंची रचना उलगडण्याच्या आपल्या संगणक-प्रणालीवर तिथे लिहिलेल्या एका निबंधाला हजारो संदर्भ मिळाले. त्याच काळात त्याच नियतकालिकात लिहिणाऱ्या इतरांचे काम रातोरात पंचवीसपट चांगले झाले नव्हते. डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे पेशी-जीवशास्त्रज्ञांच्या परिषदेत मांडल्या गेलेल्या जाहीरनाम्याचा मुख्य आग्रह हाच आहे की नियतकालिकाच्या आकड्यावरून निबंधाची वा व्यक्तीची पारख करू नये.

उसाच्या बुरशीवरील निबंध वनस्पतिरोगशास्त्राच्या चांगल्या नियतकालिकात जावा, कारण तो वाचणारे आणि वापरणारे तिथे आहेत. नियमांबाबत सांगायचे तर, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांतून प्रबंधापूर्वी निबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती निघाली आणि आयोगाची मान्य नियतकालिकांची 'केअर' यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. त्यामुळे आता तुमच्या विद्यापीठाचा सध्याचा नियम काय आहे हे संबंधित विभागातून लेखी स्वरूपात घ्या, वरिष्ठ विद्यार्थ्यांच्या सांगण्यावर राहू नका. आणि निबंधात वापरलेले जनुकांचे क्रम जनुक-कोषात, म्हणजे असे क्रम सर्वांसाठी खुले ठेवणाऱ्या संग्रहात, जमा करायला विसरू नका. अनेकदा निबंधाच्या आधी क्रमच इतरांच्या उपयोगी पडतात.

प्रश्न : 'जगातील सर्वोत्तम दोन टक्के शास्त्रज्ञ' या यादीच्या बातम्या दरवर्षी आपल्या भागातील वृत्तपत्रांत येतात, अभिनंदनाचे फलकही लागतात. ही यादी कोण करते आणि तिच्यावर किती विश्वास ठेवावा?
— एक वाचक, गारगोटी

उत्तर : स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक जॉन इयोअनिडिस आणि त्यांचे सहकारी 'स्कोपस' या संदर्भकोषाच्या आधारे ती तयार करतात, विद्यापीठाने दिलेला हा पुरस्कार नव्हे. यादी दोन प्रकारची असते, संपूर्ण कारकिर्दीची आणि एका वर्षाची. बातमी वाचताना ती कोणत्या यादीची आहे हे पाहावे, कारण दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. मला या यादीच्या दोन गोष्टी चांगल्या वाटतात. एक म्हणजे ती विज्ञानाचे १७४ उपविषय पाडून प्रत्येकाची तुलना त्याच्याच उपविषयातील लोकांशी करते. दुसरी म्हणजे एकट्याने लिहिलेल्या, पहिला लेखक असलेल्या आणि शेवटचा लेखक असलेल्या निबंधांच्या संदर्भांना ती वेगळे वजन देते. स्वतःच स्वतःचे संदर्भ दिलेले धरून आणि वगळून असे दोन्ही क्रम त्यात दिलेले असतात.

तरीही ही संदर्भांचीच यादी आहे. कोल्हापूरसारख्या ठिकाणी मर्यादित साधनांत काम करून त्यात स्थान मिळवणाऱ्यांचे अभिनंदन झालेच पाहिजे. मात्र त्यात नसलेल्यांचे काम दुय्यम आहे असा अर्थ त्यातून निघत नाही. पुढील प्रश्नात याचे कारण आले आहे.

प्रश्न : सह्याद्रीतील दुर्मिळ वनस्पतींच्या डीएनएच्या आधारे त्यांची ओळख निश्चित करण्याचे काम मी अनेक वर्षे करत आहे. बढतीच्या मुलाखतीत मला विचारले गेले की इतक्या वर्षांत संदर्भ एवढे कमी कसे. मला उत्तर देता आले नाही. आपण काय सांगितले असते?
— महाविद्यालयीन प्राध्यापिका, गडहिंग्लज

उत्तर : आपले पत्र वाचून वाईट वाटले, कारण तो प्रश्न विचारणाऱ्यांनी आपल्या विषयाचे स्वरूप समजून घेतलेले नव्हते. कर्करोगाशी निगडित एखाद्या जनुकावर जगभर हजारो प्रयोगशाळा काम करतात आणि त्या एकमेकींचे संदर्भ देतात. कंदीलपुष्पाच्या एखाद्या प्रजातीवर काम करणारे जगात मोजकेच असतात. संदर्भांची संख्या शेजारी किती आहेत यावर अवलंबून असते आणि आपल्या विषयात शेजारी थोडे आहेत. त्यात वनस्पतिशास्त्राची एक जुनी रीत अशी की प्रजातीच्या नावापुढे तिचे प्रथम वर्णन करणाऱ्याचे नाव लिहितात, पण त्याचा मूळ निबंध संदर्भसूचीत बहुधा देत नाहीत. शेकडो लेखांत नाव येऊनही संशोधकाच्या खात्यावर काहीच जमा होत नाही. पश्चिम घाटातील वनस्पती ओळखण्याचे काम इथल्या माणसांनी केले नाही तर ते दुसरीकडे कोणी करणार नाही, आणि न ओळखलेली वनस्पती वाचवताही येत नाही.

उशिरा दखल घेतल्या गेलेल्या कामाचे एक उदाहरण आपण पुढच्या वेळी सांगू शकाल. कोलकात्याचे शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिले की कॉलऱ्याचे जिवाणू पूर्णपणे गाळून काढलेले द्रवही सशाच्या आतड्यात तशीच लक्षणे निर्माण करते. म्हणजे जिवाणूंनी बाहेर सोडलेले विष हेच रोगाचे कारण आहे. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये वर्तवलेला अंदाज पाऊण शतकानंतर कोलकात्यात साध्या साधनांनी सिद्ध झाला. विषाच्या कार्याचा पुढचा सारा अभ्यास त्यावर उभा आहे. पण सुरुवातीला त्याची दखल फारशी घेतली गेली नाही. १९७८ मध्ये कॉलऱ्यावरील नोबेल परिसंवादाचे निमंत्रण त्यांना आले आणि १९८५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर १९८६ मध्ये त्यांच्या कामाच्या प्रभावाचा सविस्तर आढावा ज्यांनी लिहिला, ते होते संदर्भ मोजण्याची व्यवस्था उभी करणारे यूजीन गारफील्डच. मेसेंजर आरएनएवरील कामासाठी २०२३ मध्ये ड्र्यू वाइसमन यांच्यासह नोबेल मिळालेल्या कॅटलिन कारिको यांचीही १९९५ मध्ये पदावनती झाली होती, आणि ज्या निबंधाला पुढे मान मिळाला तो २००५ चा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा त्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले.

प्रत्यक्ष उपाय म्हणून, मुलाखतीला जाताना एकूण आकड्याऐवजी आपले तीन निबंध निवडून न्यावेत आणि प्रत्येकाचा कोणी काय उपयोग केला हे एका परिच्छेदात लिहावे. वन विभागाने वापर केला का, वनस्पती उद्यानात ती प्रजाती वाढवली गेली का, जनुक-कोषात जमा केलेले क्रम इतरांनी वापरले का, हे सर्व त्यात यावे. संशोधनाचे मोजमाप कसे करावे याविषयी २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये लायडेन येथील तज्ज्ञांच्या पुढाकाराने प्रसिद्ध झालेल्या दहा तत्त्वांत स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाचे रक्षण करावे असे एक स्वतंत्र तत्त्व आहे. ते समितीसमोर ठेवण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

प्रश्न : स्वतःच्या जुन्या निबंधाचा संदर्भ देणे गैर आहे का?
— एक प्राध्यापक, जयसिंगपूर

उत्तर : नाही. एकाच प्रश्नावर टप्प्याटप्प्याने काम करणाऱ्याला मागील टप्पा सांगावाच लागतो. विषयाशी संबंध नसताना ओढूनताणून दिलेले संदर्भ किंवा परस्परांचे आकडे वाढवण्यासाठी आपसांत ठरवून दिलेले संदर्भ मात्र गैर आहेत.

प्रश्न : ग्रंथालयात विद्यार्थ्यांना निबंध शोधून देताना तो नंतर मागे घेतला गेला असल्याचे कधी कधी उशिरा कळते. अशा निबंधांनाही संदर्भ मिळतच राहतात का?
— निवृत्त ग्रंथपाल, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : दुर्दैवाने मिळत राहतात, कारण अनेकांकडे जुनी प्रत साठवलेली असते आणि वाचक ती पुन्हा तपासत नाही. रेणवीय जीवशास्त्रात हा धोका विशेष आहे. इथे निष्कर्षाचा आधार बहुतेकदा चित्र असते, जसे जेलवरील पट्ट्या किंवा वेस्टर्न ब्लॉट (विशिष्ट प्रथिन ओळखण्याच्या चाचणीचे चित्र), आणि तेच चित्र दुसऱ्या प्रयोगाचे म्हणून पुन्हा वापरल्याचे प्रकार आढळतात. एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २०,६२१ निबंधांतील चित्रे नजरेने तपासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३.८ टक्के निबंधांत अशी शंकास्पद चित्रे आढळली. त्यांतील काही चुकून घडलेली असतील, सर्वांवर लबाडीचा आरोप करू नये. विद्यार्थ्यांनी निबंधाचा आधार घेण्यापूर्वी प्रकाशकाच्या मूळ पानावर जाऊन तो मागे घेतल्याची सूचना आहे का ते पाहावे.

प्रश्न : माझे आडनाव पाटील आहे. संदर्भकोषात माझ्या नावावर रसायनशास्त्रातील निबंध दिसतात आणि लग्नापूर्वीच्या नावाने लिहिलेले माझे स्वतःचे निबंध दिसत नाहीत. काय करावे?
— एक संशोधिका, कोल्हापूर

उत्तर : कोल्हापुरात पाटील, जाधव, शिंदे ही आडनावे आणि एकाच आद्याक्षराची नावे इतकी आहेत की ही अडचण सर्रास येते. संगणक नाव पाहतो, माणूस ओळखत नाही. उपाय म्हणजे संशोधकांसाठीचा ऑर्किड (ORCID) क्रमांक. २०१२ पासून सुरू झालेला हा सोळा आकडी ओळख-क्रमांक विनामूल्य मिळतो आणि आडनाव बदलले तरी तोच राहतो. तो घ्या, दोन्ही नावांनी लिहिलेले निबंध त्याला जोडा आणि यापुढे निबंध पाठवताना तो नोंदवा. 'स्कोपस'वर चुकीने आलेले निबंध काढण्यासाठी व दोन नोंदी एकत्र करण्यासाठी दुरुस्तीचा अर्ज करता येतो. गूगल स्कॉलरवर स्वतःच्या पानावरून परके निबंध स्वतःच वगळा आणि नवे निबंध आपोआप जोडण्याची सोय बंद करून आधी विचारण्याची सोय निवडा. दुसऱ्याचे संदर्भ आपल्या नावावर राहू देणे मुलाखतीत महागात पडू शकते, म्हणून हे काम पुढील अर्ज भरण्यापूर्वी उरकावे.